कागदही परठवायचे असतात

मुलं बाहेरगावी, म्हणून धुळ्यातलं गल्लीतलं जुनं घर विकून आम्ही दोघं जळगावच्या लहान फ्लॅटमध्ये आलो.

आवराआवरीत सासूबाईंची ट्रंक उघडली. पासबुकं, दवाखान्याच्या फायली, घरातल्या सगळ्यांच्या आधार-पॅनच्या झेरॉक्स! घाईत दोन गठ्ठे रद्दीत दिले. चार दिवसांनी शेंगदाण्याची पुडी सोडली, तर कागदावर नणंदबाईंचं पॅनकार्ड. फोटो, जन्मतारीख, सही, सगळं स्पष्ट. जीव चरकला. तिच्या नावावर कुणी कर्ज उचललं तर? लगेच फोन लावला, घडलं ते सांगितलं आणि मिच्छामि दुक्कडम् म्हटलं.

आपले साधू-साध्वी पाचवी समिती पाळतात. नको असलेली वस्तूसुद्धा जागा पाहून, कोणत्याही जीवाला इजा होणार नाही अशी परठवतात. मी मात्र अपरिग्रहाच्या नावाखाली नुसती टाकून मोकळी झाले होते.

उरलेले कागद मग बसून निवडले. खरेदीखत, मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद फाईलमध्ये लावले. तीर्थंकरांची चित्रं असलेल्या पत्रिका बाजूला काढल्या, आशातना नको. नंबर आणि सह्या असलेले कागद जाळले नाहीत. बारीक फाडून गाळलेल्या गरम पाण्यात भिजवले, मेथीची पूड घालून कुटले आणि सासूबाई करायच्या तशी टोपली थापली.

आता आधारची प्रत द्यायची तर शेवटचे चारच अंक दिसणारी, मास्क्ड देते.

टोपलीत सध्या मुगाचे पापड आहेत. नणंदबाई आल्या, की त्यांनाच पहिले वाढणार.