ऐकावे जनाचे, खावे मनाचे!

जगात फुकट मिळणाऱ्या गोष्टी आता फार थोड्या उरल्या आहेत. त्यातली एक म्हणजे तब्येतीविषयीचा सल्ला. माणसाने साठी ओलांडली की हा पाऊस सुरू होतो आणि सत्तरीनंतर तर त्याला उघडीपच नसते. इंदूरमध्ये राहणाऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या एका मराठी आजोबांनी या पावसात कोरडे राहण्याची युक्ती शोधून काढली आहे. वय वर्षे एकोणऐंशी. युक्ती साधीच, कुणालाही 'नाही' म्हणायचे नाही!

शेजारचे गृहस्थ कारल्याच्या रसाचे गुण गातात. आजोबा मान डोलावतात. मेहुणे फोनवरून मेथीचे पाणी सुचवतात, आजोबा म्हणतात, "वा, उत्तम!" लेक मोबाइलवर लसणाचा उपाय पाठवते, आजोबा तो मोठ्याने वाचतात.

"अहो, एवढं सगळं पोटात गेलं तर तिथं मंडईच भरेल," आजी स्वयंपाकघरातून म्हणतात.

"मी ऐकतोय फक्त. गिळतोय कुठे?" आजोबांचे उत्तर तयार असते.

आजोबांची ही बेफिकिरी उगीच आलेली नाही. उभा जन्म जमा आणि नावे लिहिण्यात गेला. त्यामुळे आयुष्यात कोणता सल्ला कधी कुठल्या रकान्यात होता, ते त्यांना तोंडपाठ आहे.

तुपाचेच घ्या. डालडा आपल्याकडे 1937 साली आला आणि आजोबा लहान होते तोवर घरोघरी पोहोचला. स्वस्त, टिकाऊ आणि शिवाय आधुनिक! पुढे तर साजूक तूप म्हणजे हृदयाचा शत्रू ठरले. आजोबांच्या आई मात्र वरणभातावर तुपाची धार धरायची सोडीनात. मग कळले की, वनस्पती तूप बनवताना तयार होणारी ट्रान्स फॅट हृदयाला त्याहून घातक. 1 जानेवारी 2022 पासून आपल्याकडे तेला-तुपातले तिचे प्रमाण दोन टक्क्यांवर आणले गेले. "आई जिंकली," आजोबा सांगतात, "पण ती धार आता चमच्यानेच मोजायची, हेही तितकंच खरं."

अंड्याची कथा आणखी गमतीची. 1968 साली अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या संघटनेने सांगितले की, आठवड्याला तीनच बलक खा. आपल्या दूरदर्शनवर मात्र जाहिराती रोज अंडे खायला सांगत होत्या. पुढे अमेरिकेच्या सरकारी आहार-मार्गदर्शिकेच्या 2015 च्या आवृत्तीने कोलेस्टेरॉलची रोजची 300 मिलिग्रॅमची ठरावीक मर्यादा काढून टाकली. "अंडं बिचारं तेच होतं. तेच कवच, तोच बलक," आजोबा म्हणतात. त्यांच्या घरी अंड्याला स्वयंपाकघरात प्रवेश नव्हता. गॅलरीतला स्टोव्ह आणि वेगळा तवा हीच त्याची जागा. त्या नियमात मात्र आजींनी कुठल्याच वर्षी बदल केला नाही!

पाण्याचेही तसेच. रोज आठ ग्लास पाणी प्या, म्हणून सूनबाईंनी टेबलावर बाटली भरून ठेवायला सुरुवात केली. या हिशेबाचे मूळ बऱ्याचदा 1945 सालच्या एका अमेरिकी शिफारशीत दाखवले जाते. तिच्यात रोज अडीच लिटर पाणी सांगितले होते खरे. पण त्यातले बरेचसे अन्नातूनच मिळते, असेही तिथेच पुढे लिहिले होते. "लोकांनी पहिली ओळ पाठ केली आणि पुढची विसरले," आजोबा म्हणाले आणि त्यांनी ताकाचा पेला पुढे ओढला. उन्हाळ्यात म्हाताऱ्यांना तहान कमी लागते, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून बाटली ते संपवतात, फक्त कुरकुरत.

नातीने मनगटाला पावले मोजणारे घड्याळ बांधले आणि फर्मान काढले, "आजोबा, रोज दहा हजार!" आजोबांनी चौकशी केली. हा आकडा डॉक्टरांकडून नव्हे, तर 1965 सालच्या एका जपानी पाऊलमापकाच्या नावातून आलेला निघाला! 2019 साली अमेरिकेत सरासरी बहात्तर वर्षांच्या बायकांचा अभ्यास झाला. त्यात रोज सुमारे 2,700 पावले चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण बरेच कमी दिसले आणि साडेसात हजारांच्या पुढे फारसा फरक पडला नाही. "म्हणजे मी कर्जमुक्त!" आजोबा हसले. तेव्हापासून नेहरू पार्कच्या फेऱ्या नेमाने होतात आणि परतताना पोहेही. फक्त शेव अर्धी. दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या चमच्याला थोडे कमीच, आणि शेव, पापड, लोणचे यांतच ते लपलेले असते, हे डॉक्टरांनी त्यांच्या गळी उतरवले आहे.

एवढ्या हसतमुख माणसाला बागेतल्या मंडळींनी एकदाच रागावलेले पाहिले. बाकावरचे एक जुने मित्र मोठ्या उत्साहात म्हणाले, "मी रक्तदाबाची गोळी सोडली. रोज दुधीचा रस घेतो. दीड महिना झाला, अगदी ठणठणीत आहे!" सगळे कौतुकाने माना डोलावू लागले. आजोबांची मान मात्र हलली नाही.

"साहेब, रक्तदाब वाढला तरी बहुतेकदा काही जाणवत नाही. माझा थोरला भाऊही ठणठणीतच होता. गोळी सोडली आणि पाचव्या महिन्यात लकवा मारला. पुढची सहा वर्षं वहिनींनी त्याला भरवलं. चला, आत्ताच दाब मोजून घेऊ."

मित्राला हा अपमान वाटला. चारचौघांत वादावादी झाली. "स्वतः कुणाचं ऐकत नाही आणि मला शिकवतो!" म्हणून ते उठून गेले. आठ दिवस बाकावरची ती जागा रिकामी राहिली. आजोबा फेऱ्या मारत, पण पोह्यांना थांबत नसत.

"तुम्हाला काय गरज होती बोलायची?" आजींनी विचारले.

"रस घेतो म्हणाला असता तर मी 'वा' म्हटलं असतं. गोळी सोडली म्हणाला. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत गं."

नवव्या दिवशी मित्र आले. काही न बोलता त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढून आजोबांपुढे धरली. दाब 190 आणि 110. गोळी पुन्हा सुरू झाली होती.

आजोबांनी चिठ्ठी वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाले, "चला, पोहे थंड होतील. तुमची शेव आजपासून माझ्यासारखीच, अर्धी!"