वाऱ्याच्या वाटेवरचा मुक्काम

मराठवाड्याच्या माणसापुढे थंडीचा विषय काढला, तर तो सिमल्याचे नाव घेईल, फार तर महाबळेश्वरचे. वर्षातील बराच काळ उन्हाच्या अमलाखाली काढणाऱ्या आम्हां लोकांस आपल्याच मुलखातील गारठ्याची दखल घेणे कमीपणाचे वाटते. छत्रपती संभाजीनगरहून तरुणांच्या तुकड्या डोंगरात मुक्कामास नेण्याचे काम मी करीत आलो आहे. त्यांना मी प्रथम हेच बजावतो की, इकडच्या डोंगरात थंडीच्या आधी वाऱ्याचा बंदोबस्त करावा लागतो.

सातमाळा-अजिंठ्याची रांग पूर्व-पश्चिम पसरलेली असून तिची उत्तरेकडील बाजू खानदेशात कड्यांनी तुटलेली आहे. उत्तरेतील पश्चिमी विक्षोभ सरला म्हणजे जो कोरडा शीत वारा दक्षिणेकडे वाहू लागतो, त्याला सातपुडा ओलांडल्यावर तापीच्या सखल खोऱ्यात अडविणारे काही उरत नाही, आणि मग तो या कड्यांवर आदळून, खिंडीखिंडींतून वेग घेत पठारावर चढतो. पारा ही हकीकत सांगत नाही. पॉल सायपल व चार्ल्स पॅसेल यांनी अंटार्क्टिकात पाण्याने भरलेले नळकांडे वाऱ्यात टांगून ते गोठण्यास लागणारा वेळ मोजला, तेव्हापासून या गोष्टीस हिशेब मिळाला. त्या हिशेबाच्या आजच्या सुधारलेल्या रीतीप्रमाणे ५ अंश सेल्सिअसच्या हवेत ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या कातडीस शून्य अंशाचा गारठा जाणवतो.

मुक्कामाची जागा निवडताना म्हणूनच आधी वारा पाहावा. निवांत, निरभ्र रात्री जड झालेली थंड हवा उतारावरून ओघळून दरीत साचते, सबब गौताळ्याच्या खोलगट भागापेक्षा डोंगराच्या मधल्या टप्प्यावर अधिक ऊब असते. वारा सुटलेल्या रात्री मात्र हवा ढवळली जाते आणि आडोसा तेवढा खरा. अंतूर किल्ल्यावर एकापाठोपाठ एक असे तीन दरवाजे आहेत. नवखा माणूस कमानीखालच्या वाटेतच पथारी पसरतो, कारण डोक्यावर छप्पर दिसते; परंतु दरवाजाची ती अरुंद वाट म्हणजे वाऱ्याची नळीच. बाजूची पहारेकऱ्यांची देवडी, जिच्यात जुन्या गस्तवाल्यांनी थंडीच्या रात्री काढल्या असतील, तीच अशा वेळी श्रेयस्कर. तंबू लावायचा झाल्यास त्याचे दार वाऱ्याकडे नसावे. काळ्या पाषाणात खुंटी शिरत नाही, तेव्हा ताणदोऱ्या जड दगडांना बांधाव्यात.

सर्वांत मोठा घात मात्र चढणीवर होतो. सुती बनियन घालून घामाघूम झालेला मुलगा माथ्यावर येतो, पाठीवरची पिशवी उतरवतो, आणि तिच्याखाली झाकलेली ओली पाठ एकदम वाऱ्याच्या स्वाधीन होते. एक ग्रॅम घाम वाळताना शरीरातील सुमारे ५८० कॅलरी उष्णता नेतो. पाच मिनिटांत त्याचे दात वाजू लागतात. कोरडा सदरा पिशवीत तळाशी न ठेवता वरच ठेवावा, एवढीच यावरील तजवीज. धनगराची लोकरीची घोंगडी ओलसर झाली तरी ऊब देते, हे मला महागड्या जाकिटांच्या जाहिराती वाचताना नेहमी आठवते. अंगाखालच्या जमिनीचा गारवा मात्र पांघरुणाने तुटत नाही. तिथे जाड चटईच हवी. तंबूत कोळशाची शेगडी तर कदापि नसावी, कारण तिचा विषारी वायू वासाने ओळखू येत नाही. बाहेरच्या शेकोटीचेही प्रकरण नाजूकच: १९८६ पासून हा परिसर गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचा, पौषात गवत वाळून कोळ झालेले, वनखात्याच्या परवानगीवाचून ना मुक्काम करावा, ना काडी ओढावी.

वारा फारच उठला, तर उतरावे. आमच्याच शहरातील मनीषा वाघमारे २०१७ साली एव्हरेस्टच्या माथ्याजवळून खराब हवामानामुळे माघारी फिरल्या आणि २०१८ साली शिखरावर पोहोचल्या. हे मुलांना ठाऊक असते. तरीही हजार मीटरही उंची नसलेल्या किल्ल्यावरून खाली चला म्हटले, की त्यांना अपमान वाटतो. अशा वेळी मी वाद घालीत नाही. परवान्यातील एखाद्या अटीचे निमित्त पुढे करतो आणि तुकडी उजेडातच गावाकडे वळवतो.