९९ दिवसांचा कैसर

ऑफिसच्या कामाला बर्लिनला गेलात आणि एखादा रविवार हाताशी असेल, तर फ्रीड्रिखश्ट्रासे स्टेशनला उतरा. श्प्रे नदीच्या कडेने थोडं चाललात की थेट पाण्यातून वर आल्यासारखी घुमटवाली इमारत दिसते. हे बोडे म्युझियम. आत नाण्यांचा प्रचंड खजिना आहे, पाच लाखांहून जास्त वस्तूंचा! मी नाण्यांसाठी गेलो आणि एका आजारी राजात अडकलो.

१८७१ साली जर्मनीचं एकीकरण झालं, पण संस्थानं राहिलीच. सोन्याच्या नाण्याच्या एका बाजूला सगळ्यांचा एकच गरुड, दुसरीकडे मात्र ज्याचा त्याचा राजा. हॅम्बुर्गला राजाच नव्हता, म्हणून तिथे शहराचं चिन्ह! २० मार्कचं नाणं ७.९६५ ग्रॅमचं, त्यात ९० टक्के सोनं.

मार्च १८८८मध्ये प्रशियाचा फ्रीड्रिख तिसरा गादीवर आला. घशाचा कॅन्सर, आवाज गेलेला. चिठ्ठ्या लिहून बोलायचा. ९९ दिवसांत संपला. १९०४ साली उघडलेल्या या म्युझियमला आधी त्याचंच नाव होतं, १९५६ साली ते बदललं.

इतकी छोटी कारकीर्द म्हणजे नाणं दुर्मिळ, असंच वाटतं ना? चूक! त्याच्या चेहऱ्याची २० मार्कची नाणी ५० लाखांहून जास्त पाडली गेली. उलट वर्षानुवर्षं राज्य केलेल्या चिमुकल्या संस्थानिकांची मोजकीच निघाली, त्यामुळे त्यांचा भाव कितीतरी पट.

एका जुन्या नाण्यांच्या दुकानात मला १८८८चं नाणं मिळालं. दुकानदार आजोबांनी भिंग दिलं आणि कड दाखवली. वरच्या बाजूला डाग दिल्याची खूण. कधीतरी कुणीतरी त्याचं लॉकेट केलं होतं. 'कलेक्टर हे घेत नाहीत,' ते प्रामाणिकपणे म्हणाले. बरं नाणं घेण्याइतके पैसे खिशात होते. तरी मी हेच घेतलं. आवाज गेलेल्या या राजाला कुणीतरी आपल्या गळ्यात जपलं होतं, ते मला जास्त मोलाचं वाटलं.

तुम्ही घेणार असाल तर आधी वजन करा, कड बघा, पावती मागा. आणि परतताना कस्टम्सला सांगा. दागिन्यांची सवलत नाण्याला नसते, पूर्वी ते लॉकेट असलं तरी!