वडगावचे ऋण

प्रवासाला निघणारा मनुष्य बहुधा काहीतरी पाहावयास निघतो. कोणी किल्ले पाहतो, कोणी मंदिरे वा चर्चे पाहतो, कोणी बाजार पाहतो. आम्ही मात्र या खेपेस बेळगावला निघालो ते एक जुने देणे फेडण्यासाठी. ते फेडून आलो असे सांगता आले असते, तर हा लेख लिहिण्याचे काही कारण उरले नसते.

बेळगाव म्हटले की आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे कॅम्पातील फातिमा मातेचे कॅथेड्रल उभे राहील. १९५३ साली स्थापन झालेला तेथील धर्मप्रांत आणि १८५६ सालापासून चालत आलेली सेंट पॉल्स शाळा यांची नावे अनेकांनी ऐकलेली असतील. परंतु आमची वाट त्या बाजूची नव्हती. कपिलेश्वराच्या देवळाजवळ रेल्वेचा रूळ ओलांडून दक्षिणेस वळले की शहापूर लागते. हे शहापूर एके काळी सांगली संस्थानात होते. रुळाच्या अलीकडे इंग्रजांचा अंमल आणि पलीकडे संस्थानचा, असा तेथील कारभार असे. शहापुरातील बॅरिस्टर नाथ पै चौक मागे टाकून आणखी थोडे पुढे गेले की आपण वडगावात येतो.

वडगाव आता शहरातच मिसळून गेले आहे. पण ते ओळखावयास पाटी वाचावी लागत नाही. गल्लीत पाऊल टाकताच दोन्ही बाजूंच्या घरांतून यंत्रमागांचा खडखडाट कानी येतो. पुढच्या सोप्यात माग, मागे स्वयंपाकघर, आणि या दोहोंच्या मधल्या जागेत सारा संसार, अशी कित्येक घरे येथे आहेत. पुरुष मागावर उभा असतो, बायका धोट्यात घालावयाच्या कांड्या भरीत असतात, आणि शाळेतून आलेले पोर त्याच आवाजात पाढे पाठ करीत असते. मालकाकडून सूत आणावयाचे, लुगडे विणून द्यावयाचे आणि नगावर मजुरी घ्यावयाची, असा बहुतेकांचा व्यवहार. ज्या दिवशी माग थांबला, त्या दिवशी मजुरीही थांबली.

घरे संपली की भातशेती सुरू होते. बेळगावचा सुवासिक बासमती तांदूळ याच शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात पिकतो. दूरवर येळ्ळूरच्या डोंगरावर राजहंसगड दिसतो. पावसाळ्यात बळ्ळारी नाला फुगला की हेच हिरवे शिवार पाण्याखाली जाते आणि शेतकऱ्याला दुसऱ्यांदा पेरणीची चिंता लागते.

या गावात दोन भाषा नांदतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगाने १९६७ साली अहवाल दिला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्या वादाचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. आम्ही पाहिले ते इतकेच की, ज्या घरी आम्ही उतरलो होतो तेथे आजी सुनेशी कानडीत बोले, सून शेजारणीशी मराठीत बोले, आणि नातवंडे कोणत्या वेळी कोणत्या भाषेत रडतील याचा नेम नसे.

आता त्या देण्याची हकीगत सांगतो.

ऑगस्ट २०१९ मधील महापूर आमच्या वाचकांच्या स्मरणात असेलच. कोल्हापूर, सांगली पाण्यात होती. पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ शिरोलीला बंद झाला होता आणि निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेच्या पाण्याने अडविला होता. आम्ही नेमके त्याच आठवड्यात हुबळीकडून घरी परतत होतो. बेळगावला एक वयस्क गृहस्थ आमच्या शेजारी येऊन बसले. त्यांच्या मांडीवर कापडाचे एक गाठोडे होते. गाडी निपाणीच्या अलीकडेच अडली, बराच वेळ पावसात उभी राहिली आणि अखेर मागे फिरली. त्या सगळ्या वेळात आम्ही त्या गृहस्थांना आमचीच गाऱ्हाणी ऐकवीत होतो. घरी मुलाला खोकला झाला आहे, रजा संपत आली आहे, पैसे संपत आले आहेत, इत्यादी. ते ऐकून घेत होते आणि मान हलवीत होते.

मध्यरात्रीच्या सुमारास आम्ही पुन्हा बेळगावच्या स्थानकावर उतरलो. त्या शहरात आमच्या ओळखीचे कोणी नव्हते. तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, “एवढ्या पावसात कुठं जाणार वो? चला की आमच्या घराला.”

ते वडगावचे विणकर होते. त्यांच्या घरी आम्ही चार रात्री राहिलो. त्यांनी आमची जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. जेवताना आम्ही क्रुसाची खूण केली, तेव्हा पोरे टकमक पाहू लागली; आजीने त्यांना डोळ्यांनीच दटावले आणि आमची प्रार्थना होईपर्यंत आपला घास हातातच धरून ठेवला. आमची पथारी सोप्यात, मागाच्या शेजारी असे. रात्री माग बंद असे. वीज गेली असावी असे आम्ही समजलो. पाचव्या दिवशी वाट काढीत निघण्याची सोय झाली, तेव्हा मावशींनी भाकरी आणि चटणी बांधून दिली. आम्ही मनापासून आभार मानले आणि निघालो. मनापासून मानले, असे तेव्हा तरी आम्हांस वाटले होते.

त्यानंतर २०२० साली टाळेबंदी आली, मागाहून घरच्या अडचणी आल्या, आणि जाणे राहून गेले. अखेर आता योग आला. वसईची सुकेळी, पोरांसाठी काही खाऊ आणि एका पाकिटात थोडी रक्कम, असे घेऊन आम्ही त्या दारात उभे राहिलो. खरे सांगावयाचे तर मनात थोडा अभिमानही होता. इतक्या वर्षांनी कोण आठवण ठेवतो? आम्ही ठेवली, असे काहीसे.

यजमानांनी आम्हांस क्षणात ओळखले. पाणी दिले, गूळ दिला, आणि पहिला प्रश्न विचारला, “धाकट्याचा खोकला गेला का वो?”

तो खोकला आम्ही स्वतःही विसरलो होतो.

सुकेळी मावशींनी आनंदाने घेतली आणि लगेच त्यांतली अर्धी शेजारच्या घरांत वाटावयास पोरीला धाडले. पाकीट मात्र यजमानांनी हातात घेऊन उलटसुलट केले आणि आमच्यापुढे ठेवले. “ही कुठल्या नगाची मजुरी?” त्यांनी हसत विचारले. आम्ही म्हणालो, “तुम्ही आम्हांस चार रात्री ठेवून घेतले, त्याचे थोडेसे…” त्यावर आजी कांड्या भरता भरता थांबली. ती काही कानडीत, काही मराठीत जे बोलली, त्यावरून आम्हांस कळले ते असे.

त्या रात्री यजमान गाडीत बसले होते ते कामासाठी नव्हे. त्यांची मुलगी निपाणीकडे नदीकाठच्या एका गावात दिली आहे. तिच्या गावात पाणी शिरल्याचे कळले होते आणि फोन लागत नव्हता. मांडीवरच्या गाठोड्यात नातवंडांचे कोरडे कपडे होते. गाडी मागे फिरली, तेव्हा ते आपल्या मुलीपर्यंत न पोहोचता मागे फिरले होते. आणि शेजारी बसलेला एक परका मनुष्य त्यांना आपल्या मुलाच्या खोकल्याची गोष्ट सांगत होता. आम्ही त्या घरी जेवत होतो, झोपत होतो, ते चारही दिवस त्या घराला मुलीचा ठावठिकाणा ठाऊक नव्हता. आम्ही भाकरी घेऊन निघालो, तेव्हाही तो ठाऊक नव्हता. आम्ही गेल्यावर दुसऱ्या दिवशी निरोप आला की, मुलगी आणि मुले उंचावरच्या एका वाडीत, कोणा अनोळखी घरी, सुखरूप आहेत.

आजी म्हणाली, “तिला ठेवून घेतलं त्यांचं नाव पण आमास्नी ठावं नाही. त्यांच्या घराला आम्ही काय द्यायचं? तुम्ही दारात होता, तुम्हाला ठेवून घेतलं.”

आणि माग? वीज गेलेलीच नव्हती. मागाशेजारी निजलेल्या पाहुण्याची झोप मोडू नये म्हणून त्यांनी रात्रीचे काम थांबविले होते. सोप्यातला दिवा रात्री उशिरापर्यंत जळत असे, हे आम्हांस चांगले आठवते. दिवा जळत असता वीज गेली असे आम्ही कसे समजलो, याचे उत्तर आमच्यापाशी नाही. आम्ही विचारच केला नव्हता.

वाचकहो, ‘कृतज्ञ’ हा शब्द आपण किती सहज वापरतो! कृत म्हणजे केलेले, आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी काय केले गेले हे जो जाणतो, तो कृतज्ञ. आम्ही आभार मानले होते, पण आम्ही काहीच जाणले नव्हते. चार रात्रींच्या निवाऱ्याचे आभार मानले; थांबविलेल्या मजुरीचे नव्हे, गिळलेल्या काळजीचे तर नव्हेच. आणि जाणले नाही याचे कारण अगदी साधे आहे. आम्ही एकही प्रश्न विचारला नाही. त्यांना आमच्या मुलाचा खोकला ठाऊक होता. आम्हांस त्यांना मुलगी आहे हेही ठाऊक नव्हते.

नम्रता म्हणजे मान खाली घालून “मी पापी, मी क्षुद्र” असे म्हणणे, अशी आमची समजूत होती. त्या सोप्यात बसल्यावर कळले की, नम्रता कित्येकदा “तुम्ही कुठे निघालात?” एवढ्या प्रश्नात असते. जो स्वतःच्याच दुःखाने भरलेला असतो, त्याच्यात दुसऱ्याचे दान ठेवावयास जागा उरत नाही. तो घेतो पुष्कळ, परंतु काय घेतले ते त्याला दिसत नाही.

ते पाकीटही आम्हांस तेव्हा नीट समजले. आम्हांस उतराई व्हावयाचे होते, म्हणजे ऋणातून सुटावयाचे होते. पैसे दिले की हिशेब मिटला. मग त्या घराची आठवण झाली तरी ओझे वाटू नये. परंतु ज्या घराने आम्हांस ठेवून घेतले, ते स्वतः एका अनोळखी घराच्या ऋणात आनंदाने राहत आहे. ते ऋण फेडता येत नाही, म्हणूनच त्यांचे दार उघडे राहते.

संत लूकच्या शुभवर्तमानातील दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. दहा जण बरे झाले, एकच परत आला, आणि तो समरीतन म्हणजे परका होता. ही गोष्ट घडली ती शोमरोन आणि गालील यांच्या सीमेवर, असे शुभवर्तमानकार आरंभीच सांगतो, याकडे आमचे लक्ष कधी गेले नव्हते. सीमेवरच्या वडगावात बसल्यावर ते गेले. त्या गोष्टीत परत येणारा तो परका आपणच, असे मानून आम्ही सुकेळी घेऊन निघालो होतो. प्रत्यक्षात आम्ही त्या नऊ जणांतले निघालो. फक्त काही वर्षांनी आठवण झालेले.

सायंकाळी निघताना यजमान म्हणाले, “आषाढात मंगाईची यात्रा असते. तेव्हा या. घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, तुम्ही एक जास्त.” आम्ही “येतो” म्हणालो. आजी कानडीत म्हणाली, “होगि बर्रि.” जाऊन या, असा त्याचा अर्थ. निरोप घेताना ‘जातो’ म्हणू नये, हे दोन्ही भाषांना सारखेच ठाऊक आहे. त्या वेळी आम्ही मुलीचे नाव विचारले, तिच्या मुलांची नावे विचारली, आणि ती विसरू नयेत म्हणून त्याच पाकिटावर लिहून घेतली. पाकीट आमच्या खिशातच परत आले.

घरी आल्यावर दोन दिवसांनी आमच्या वाडीत कामाला येणारी बाई नेहमीप्रमाणे पायरीवर बसून चहा पीत होती. जव्हारकडून ती दरवर्षी कामाला येते. तिला आमच्याकडे येऊ लागून आठ वर्षे झाली. दर शनिवारी आम्ही तिची मजुरी चोख देतो आणि कोणाचे काही ठेवीत नाही, असा आम्हांस अभिमान आहे. त्या दिवशी आम्ही पायरीवर तिच्या शेजारी बसलो आणि विचारले, “बाई, तू इकडे असतेस तेव्हा तुझी मुले कोणापाशी असतात?”

तिने कप खाली ठेवला आणि काही वेळ आमच्याकडे नुसते पाहिले. मग ती सांगू लागली. तिने काय सांगितले ते तिचे आहे. ते येथे छापणे योग्य नव्हे. परंतु चहा निवून गेला, तरी तिचे सांगणे संपले नव्हते.

आमच्या वाचकांच्या घरीही अशी एखादी पायरी असेल. या आठवड्यात तेथे जो कोणी बसेल, त्याला चहा तर आपण देतोच. त्याच्या शेजारी जरा बसून पाहावे, आणि तो कुठून आला, घरी कोणाला ठेवून आला, हे विचारावे, एवढीच आमची विनंती आहे.