फिल्टरबाहेरचा

सणसवाडीत नगर रस्त्यालगतच्या एका कारखान्यात मी तेव्हा सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळायचो. मोटारींचे पत्र्याचे भाग काढणारी प्रेस लाइन होती. तयार झालेल्या भागाची नोंद सर्व्हरवर पडल्याशिवाय प्रेस पुढचा स्ट्रोक घेत नसे. त्या पावसाळ्यात तिसऱ्या पाळीला लाइन अधूनमधून थांबायला लागली. कधी दहा मिनिटं, कधी पंचवीस. आपोआप थांबायची, आपोआप सुरू व्हायची. सकाळी आम्ही पोचेपर्यंत सगळं ठीक.

तिसऱ्या पाळीला बहुतेक मामा असायचे. मूळचे परभणीकडचे, प्रेसवर सगळे त्यांना मामाच म्हणत. दिवसा लाइन थांबत नाही, यांच्याच वेळी थांबते, म्हणजे केबल काढून हे डुलकी काढत असणार, असा अंदाज कुणीतरी बांधला. अंदाजाचा मेमो झाला, दोन दिवसांचा पगार कापला गेला. मामा माझ्याकडे आले. म्हणाले, "साहेब, मी केबलला हात लावलेला नाही. माझ्यावर विश्वास नको, मशीनला विचारा."

मशीनला विचारायची सोय होती. टीसीपीडम्प. खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. काळ्या स्क्रीनवर एक आज्ञा लिहायची आणि तारेवरून जाणारं प्रत्येक पॅकेट एकेका ओळीत समोर येतं. वेळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत, कोणाकडून, कोणाला, काय म्हणत. प्रेस चालवणारा कंट्रोलर, म्हणजे पीएलसी, आणि सर्व्हर मॉडबसमध्ये बोलायचे. ही १९७९ सालची, मॉडिकॉन कंपनीने आपल्या कंट्रोलरसाठी केलेली बोली. टीसीपीवरून ती ५०२ या पोर्टवर चालते. मी सर्व्हरवर फक्त ५०२ चा फिल्टर लावला, सगळं फाइलमध्ये साठव म्हणून सांगितलं आणि घरी गेलो.

सकाळी फाइल उघडली. १ वाजून ५२ मिनिटांनी लाइन थांबली होती. केबल निघाली असती तर पलीकडून काहीच आलं नसतं. सर्व्हर तेच पॅकेट दर वेळी आधीच्या दुप्पट थांबून पुन्हा पुन्हा पाठवत राहिला असता. इथे पलीकडून उत्तर येत होतं, तेही तत्काळ: रीसेट, म्हणजे 'ही जोडणी तोड'. सर्व्हरने पुन्हा हात पुढे केला की पुन्हा रीसेट. मामांचा शब्द खरा होता. पण मी तिथेच थांबलो आणि दोष पीएलसीवर ठेवला, कारण रीसेट त्याच्याच आयपी पत्त्यावरून येत होते. त्याचं कम्युनिकेशन कार्ड बदललं. तिसऱ्या रात्री लाइन पुन्हा थांबली.

मग मी रात्री तिथेच बसलो. टीसीपीडम्पचा जन्म अशाच एका कोड्याच्या शेजारी झाला आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. अंतर जेमतेम ४०० यार्ड. व्हॅन जेकबसन त्याच्या मागे लागला, आणि १९८८ मध्ये त्याच प्रयोगशाळेत त्याने व सहकाऱ्यांनी हे साधन लिहिलं. आधी तारेवर काय चाललंय ते पाहायचं, मग बोलायचं, ही त्या मंडळींची शिस्त मला फार मोलाची वाटते.

त्याच शिस्तीने जुनीच फाइल या वेळी सविस्तर वाचली. पीएलसीच्या नेहमीच्या पॅकेटांवर टीटीएल, म्हणजे दर राउटरला एकाने घटणारा आकडा, ६४ होता. रीसेटवर २५५. एकच यंत्र, मध्ये राउटर नाही, आणि दोन आकडे? मॅक, म्हणजे प्रत्येक नेटवर्क कार्डाचे स्वतःचे पत्ते, दाखवणारा पर्याय लावला. आयपी एकच, मॅक दोन. पीएलसीच्या नावाने दुसरंच कुणीतरी उत्तर देत होतं. ते नेटवर्कवर येताना एआरपीने "हा पत्ता माझा" असं सगळ्यांना सांगत असणार. पण एआरपीला पोर्ट नसतो. माझ्या ५०२ च्या फिल्टरने नेमकी तीच ओळ बाहेर ठेवली होती.

स्विचमध्ये तो मॅक शोधला तर तार थेट गेटजवळच्या वजनकाट्याच्या केबिनमध्ये गेलेली. काट्याला नेटवर्कशी जोडणारा नवा कन्व्हर्टर बसवला होता, उत्पादकाकडून आलेला आयपी पत्ता तसाच ठेवून; तोच पीएलसीचाही होता. भंगाराची उचल रात्रीच व्हायची आणि हा काटा फक्त त्यासाठीच चालू करत. गाडी आली की कन्व्हर्टर सुरू, आणि सर्व्हर त्याच्याकडे वळायचा. गाडी गेली, काटा बंद झाला की थोड्या वेळात सर्व्हर पुन्हा पत्ता विचारायचा. तेव्हा उत्तर द्यायला खरा पीएलसी एकटाच असायचा.

दोन्ही मॅक अधोरेखित केलेला छापील कागद घेऊन मी वरिष्ठांकडे गेलो. मेमो मागे घेतला गेला, कापलेले पैसे पुढच्या पगारात आले.

कन्व्हर्टरचा पत्ता बदलला त्या रात्री मी लॅपटॉप घेऊन प्रेसपाशी उभा होतो, फिल्टर न लावता. पावणेदोनला गेटवरून फोन आला: गाडी काट्यावर चढली. प्रेस चालूच राहिली. मामा हात पुसत स्क्रीनकडे पाहायला आले.

"यातली माझी ओळ कोणती, साहेब?"

त्यांचा प्रत्येक स्ट्रोक तिथे होता. मी बोट ठेवेपर्यंत ती ओळ वर सरकली आणि खाली पुढची आली.