एक पाटा अधिक

परप्रांती नोकरी करणाऱ्या माणसाच्या प्रपंचाला बदलीच्या हुकुमाचे वळण लागलेले असते. जड कपाट घ्यायचे नाही, कारण ते पुढच्या गावी न्यावे लागते. अंगणात आंबा लावायचा नाही, कारण त्याची फळे आपल्या मागून येणाऱ्या साहेबाच्या ताटात पडायची. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना हा नियम तोंडपाठ असेल. आम्हीही भिलाईत तो वर्षानुवर्षे पाळला. अपवाद केले ते दोनच : एक जुनी जीप आणि बालोदच्या पलीकडे घेतलेला शेतीचा लहानसा तुकडा. निवृत्तीनंतर आम्हांला येथे धरून ठेवले आहे ते या दोहोंनीच.

भिलाईकराला पोलादाचे अप्रूप राहत नाही. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतले खनिज रूळ होऊन देशभर पसरू लागले. हा इतिहास येथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. परंतु पोलादाचा एक स्वभाव आम्हांला कळला तो कारखान्यात नव्हे, तर जीपखाली वाकून पाहताना. रुळाचे भूषण त्याच्या ताठपणात. जीपच्या पाट्याचे भूषण मात्र वाकून पुन्हा पूर्वपदावर येण्यात. यासाठी त्याच्या पोलादात साधारणतः अर्धा टक्का किंवा किंचित अधिक कार्बन आणि दीड ते दोन टक्के सिलिकॉन असते. ते ८५० अंशांच्या आसपास तापवून तेलात बुडवतात आणि पुन्हा ४०० ते ५५० अंशांच्या बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. आपल्याकडचे जुने लोहार यालाच 'पाणी देणे' म्हणत आले.

गेल्या पावसाळ्यानंतर आमची जीप मागून उजवीकडे झुकू लागली. गंजाने पाटे एकमेकांना धरून बसले होते आणि एक पाटा मधल्या बोल्टच्या छिद्रापाशी तडकला होता. पाटे बहुधा तेथेच तडकतात. वाकण्याचा ताण मध्यभागी सर्वांत अधिक, आणि छिद्रामुळे तेथलेच पोलाद कमी.

दुरुस्ती मोठी नव्हती. पण तिच्या निमित्ताने घरात जो प्रश्न उभा राहिला, तो मोठा होता. शेताकडे जाताना आम्ही मागे दोनशे लिटरचे पाण्याचे पिंप आणि खताची पोती नेतो. सौभाग्यवतींच्या मणक्याचे दुखणे अलीकडे बळावले आहे. पाटे नरम ठेवले तर ओझे झेपत नाही. ताठ केले तर त्यांना बसवत नाही. आणि त्या येणार नसतील तर शेत ठेवण्यात अर्थ नव्हता, कारण तेथली झाडे त्यांची आहेत, आम्ही केवळ पाणके. पुण्याहून मुलांचे पत्रामागून पत्र येतच होते : जीप विका, शेत विका, आणि इकडे या.

शेजारच्या एका स्नेह्यांनी ट्रकचे दोन जाड पाटे घालण्याचा सल्ला दिला. हा सल्ला पुष्कळांना रुचतो, कारण त्याने गाडी उंच दिसते. परंतु येथे गणिताशी गाठ असते. सारख्या जाडीच्या नऊ पाट्यांत दहावा घातला तर ताठपणा सुमारे एक नवमांशाने वाढतो. पण पाट्याची जाडीच सव्वापट केली, तर त्या पाट्याचा ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो, कारण तो जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. शिवाय गाडी मागून उचलली गेली की प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, ब्रेकची नळी ताणली जाते आणि शॉक ॲब्सॉर्बर आखूड पडतात.

जी. ई. रोडवरच्या एका कमानीवाल्याकडे आम्ही गेलो, तेव्हा त्या वृद्ध कारागिराने जीपकडे पाहण्यापूर्वीच विचारले, "साहब, माल कितना, और बैठता कौन है?" एवढा नेमका प्रश्न आम्हांला कचेरीतल्या कोणत्याही टिपणात आढळल्याचे स्मरत नाही. आम्ही दोन्ही उत्तरे दिली. त्याने तडकलेला पाटा काढून त्याच जाडीचा नवा बसवला, बाकीचे घासून ग्राफाइटचे वंगण दिले आणि प्रत्येक आखूड पाट्याला वरच्यापेक्षा थोडी अधिक कमान आहे की नाही ते पाहिले. कारण त्यामुळेच बोल्ट आवळल्यावर पाटे एकमेकांना घट्ट बिलगतात. मग सर्वांत खाली त्याने एक जवळजवळ सपाट पाटा जोडला. रिकाम्या गाडीत हा पाटा टोकांशी मोकळाच राहतो. ओझे येऊन वरचे पाटे दबले म्हणजे मगच त्यांना खालून आधार देतो. नोंदणीपत्रात लिहिलेल्या वजनापेक्षा अधिक भार आम्हांला न्यायचा नव्हता, हे सांगताच तो हसला. कायद्याची एवढी आठवण ठेवणारे गिऱ्हाईक त्याला क्वचितच मिळत असावे.

आम्हांला त्या खालच्या पाट्याचे कौतुक वाटले. संसारात सदैव ताठ राहणारी माणसे पुष्कळ भेटतात, आणि त्यांच्या शेजारी बसणाऱ्याची पाठ दुखते. गरजेपर्यंत स्वस्थ राहून नेमक्या वेळी भार घेणारी माणसे थोडी. आमच्या घरातली ही जागा चाळीस वर्षे कोणी सांभाळली, हे आम्ही येथे लिहीत नाही. ज्यांनी सांभाळली, त्या हे मासिक वाचतात.

पहिल्या फेरीला सौभाग्यवती उशी घेऊन बसल्या. राजहऱ्याच्या रस्त्यावर त्यांनी दोनदा गाडी थांबवण्यास सांगितले. एकदा पाठीसाठी, एकदा सीताफळांसाठी. काही शे किलोमीटर झाल्यावर आम्ही यू-बोल्ट पुन्हा आवळून घेतले, कारण नवे पाटे बसताना ते सैल होतात. दुखणे बरे झालेले नाही आणि होणारही नाही. परंतु महिन्यातून दोनदा शेतावर जाणे त्यांना साधते, आणि तूर्त एवढे पुरेसे आहे.

पंधरा वर्षांवरील गाडीची तपासणी होऊन नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. आमची याच महिन्यात मिळाली. मुलांना आम्ही तेवढीच मुदत कळवली आहे.