कोरडं फडकं

नांदेडात ज्या गाडीवर मालकाची सगळ्यात जास्त माया, तिच्यावर सगळ्यात जास्त चरे. गिऱ्हाइकाला हे सांगितलं की त्याला राग येतो, पण माझा अनुभव असाच आहे. एखाद्या सरकारी कचेरीच्या आवारात धूळ खात उभी असलेली जीप बघा. धुतली तर धुतली, नाही तर मृगाच्या पावसापर्यंत तशीच. उन्हानं तिचा रंग विटलेला असेल, टपावर कावळ्यांनी नक्षी काढलेली असेल, पण पत्र्यावर चऱ्यांची जाळी फारशी दिसायची नाही. आणि बंगल्याच्या पोर्चमध्ये झाकून ठेवलेली काळी सेडान सकाळच्या उन्हात बाहेर काढा. बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेघांची वर्तुळंच वर्तुळं. मालक सांगतात, ''रोज पुसायलो हो मी, एक दिवस खाडा नाही.''

तेच तर झालंय, काका.

आमच्याकडची धूळ साधी नाही. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याच्याही खाली काळा खडक. नुसती काळी माती असती तर एवढं बिघडलं नसतं. पण रस्त्यावरून उडते ती धूळ मुरमाची आणि क्रशरच्या चुऱ्याची, आणि या खडकाच्या पोटात जागोजागी गारगोटी असते. खनिजांचं काठिण्य मोजायची मोह्सची पट्टी आहे, तिच्यावर हिरा १० आणि गारगोटी ७. स्वयंपाकघरातल्या सुरीचं पातं साडेपाचच्या आसपास. गाडीवरचा सगळ्यात वरचा थर तर एक प्रकारचं प्लास्टिकच. नांदेड–लातूर रस्त्याचं रुंदीकरण चालू होतं तेव्हा अहमदपूर, लोहा करत आलेल्या गाडीवर बोटानं नाव लिहिता यायचं, आणि पोरं लिहायचीसुद्धा. गाडी धुतली की धूळ जायची, नाव राहायचं. उन्हात तिरपं बघितलं की पोराचं अक्षर कसं आहे तेही कळायचं.

खरं तर ते चरे गोल नसतात. पुसणाऱ्याचा हात आडवा, उभा, तिरपा कसाही फिरलेला असतो आणि रेघाही तशाच सगळ्या दिशांना पडलेल्या असतात. पण बारीक चऱ्याची कड उजेड परत फेकते ती ठरावीक बाजूलाच. त्यामुळे दिव्याच्या भोवती वेढा पडावा अशा बेतानं आलेल्या रेघा तेवढ्या चमकतात, बाकीच्या दडून राहतात. दिवा सरकवला की वर्तुळंही सरकतात. ट्यूबलाइटचा उजेड पसरट, त्याच्यात काहीच दिसत नाही. म्हणून संध्याकाळी ट्यूबलाइटखाली गाडी दाखवून ''बगा, कशी कडक झाली'' म्हणणाऱ्याकडून गाडी ताब्यात घेऊ नये. सकाळी ऊन पडल्यावर जावं.

आता पुसू नये तर करावं काय? धुवावं. इथंच आमचं घोडं अडतं.

२०१६चा उन्हाळा लातूरकर विसरायचे नाहीत. मांजरा धरण कोरडं पडलं, नळ बंद झाले, पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून मार्च महिन्यात जमावबंदी लागली. मग मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायचं ठरलं. पहिली गाडी १२ एप्रिलला पहाटे लातूरला पोचली; दहा टँकर, पाच लाख लिटर. पुढं पन्नास टँकरची गाडी येऊ लागली. तिचं नाव जलदूत. सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून आलेल्या पाण्यानं गाडी धुतो म्हणणारा माणूस शेजाऱ्यांच्या मनातून कायमचा उतरला असता, आणि ते बरोबरच होतं. त्या वर्षी लातूर–उदगीरकडच्या ज्या गाड्या माझ्याकडे आल्या, त्यांचं बॉनेट बघून मालकाला काही विचारायची गरज नव्हती. कोरडं फडकं, सकाळ-संध्याकाळ. बादलीभर पाणी मिळालंच तर त्याच बादलीत तेच फडकं पिळून पुन्हा पुन्हा. टपापासून सुरुवात केलेलं फडकं चाकाजवळची वाळू घेऊन पुन्हा दारावर. पाऊस झाला, पाणी आलं, नळ सुरू झाले. हाताला लागलेली सवय मात्र राहिली. नांदेडला विष्णुपुरी धरणाचं पाणी आहे, गोदावरी गावातून वाहते, तरी कोरडं पुसायची रीत इथंही तीच. पिढ्यान्पिढ्या पाणी जपून वापरलेली माणसं आहोत आम्ही. गाडी नवी आली, हात जुनाच.

गाड्या पॉलिश करायचं हे काम मी डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात शिकलो, देगलूर नाक्याकडे. उस्ताद जुन्या वळणाचे. गाडी आली की आधी पाणी मारायचे, मग हात लावायचे. त्यांच्या उमेदीतल्या गाड्या अँबेसेडर, फियाट, जीप. त्यांच्यावर एकच रंग. वर वेगळा पारदर्शक थर नसे. रबिंग कंपाउंड लावून घासलं की लाल गाडीचं फडकं लाल, निळीचं निळं. रंग किती निघतोय हे फडक्यावरच दिसायचं आणि हात आपोआप थांबायचा. ८०च्या दशकात जगभरच्या कारखान्यांत खाली रंगाचा थर आणि वर क्लिअर ही पद्धत रुळली, आणि पुढं आपल्याकडेही तशाच गाड्या आल्या. क्लिअरला आमच्या गॅरेजात लॅकर म्हणतात. ते घासलं की फडक्यावर पांढुरका मळ येतो. तो कंपाउंडचा किती आणि लॅकरचा किती, डोळ्याला सांगता येत नाही. उस्तादांना या नव्या रंगाचा शेवटपर्यंत भरवसा वाटला नाही. ''दिखता नहीं, तो रुकना कहाँ?'' असं ते म्हणायचे. मला वाटतं, या धंद्यातला खरा प्रश्न त्यांनी तेव्हाच विचारला होता.

कारण पॉलिशनं चरा भरत नाही. लोकांची समजूत तशी असते, काही दुकानदारही तसंच सांगतात. चरा हा खड्डा. तो नाहीसा करायचा म्हणजे आजूबाजूची सगळी जमीन त्याच्या तळापर्यंत खाली आणायची. आणि जमीन किती आहे? पत्र्यावरचा सगळा रंग, प्रायमर धरून, साधारण १०० ते १५० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस सत्तरएक मायक्रॉन जाड असतो. त्यातलं लॅकर ३५ ते ५०. उन्हापासून रंगाला वाचवणारं औषध याच लॅकरमध्ये असतं. चांगल्या हाताचं एक पॉलिश दोन-चार मायक्रॉन खातं. एकदा, दोनदा, जपून केलं तर तिसऱ्यांदा. पुढं टपावर पांढरे चट्टे पडून पापुद्रे सुटायला लागतात. मग पुन्हा रंग मारण्यावाचून उपाय नाही. दर दिवाळीला 'मशीन मारून घेणारे' हौशी लोक आहेत. त्यांना मी रंगाचा गेज लावून आकडा दाखवतो. आकडा दाखवला की माणूस गप्प बसतो. नुसतं तोंडी सांगितलं तर त्याला वाटतं, काम टाळायलाय.

गेज मोठी गमतीची वस्तू. लोखंडी पत्र्यावर तो चुंबकाच्या तत्त्वावर चालतो, ॲल्युमिनियमवर वेगळ्या रीतीनं. बंपर प्लास्टिकचा, तिथं साधा गेज मुकाच. दारावर ११०, पुढच्या दारावर ११५, आणि मागच्या फेंडरवर एकदम ६०० आलं की समजायचं, खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. गाडी ठोकलेली. सेकंडहँड घेतलेल्या गाडीच्या मालकाला ही बातमी माझ्याकडून कळावी असं मला कधीच वाटत नाही. पण तो शेजारीच उभा असतो आणि आकडा त्यालाही वाचता येतो.

काम सुरू करायच्या आधीच अर्धा दिवस जातो. लांबून पाणी मारून सुटी धूळ घालवायची. मग शाम्पू, दोन बादल्या. एक फेसाची, दुसरी हातमोजा खंगाळायची. वरून खाली यायचं, चाकं शेवटी, त्यांचं फडकं वेगळं. मग क्ले. मळलेल्या कणकेएवढी मऊ माती ओल्या पत्र्यावरून फिरवायची, रंगात रुतलेला डांबराचा, ब्रेकच्या लोखंडाचा कण ती उपसून घेते. तळहात फिरवला की आधी खरखर लागते, मग काचेसारखं गुळगुळीत. इथल्या बोअरच्या जड पाण्याचे वाळलेले ठिपके मात्र क्लेनं निघत नाहीत. कॅल्शियमच तो, त्याला आंबटच लागतं. पाण्यात मिसळलेलं व्हिनेगर फडक्यावर घेऊन टेकवलं की ताजा ठिपका विरघळतो. जुना ठिपका रंगात खड्डा करून बसलेला असतो, त्याला मशीनच.

मग बॉनेटवर टेपनं दोन फूट चौरस आखायचं. तिथं आधी सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिश. चरे गेले तर उत्तम, नाही तर एक पायरी वर. गाडीगणिक लॅकरचा स्वभाव वेगळा. कुणाचं इतकं मऊ की पुसायच्या फडक्यानंही रेघ पडावी, कुणाचं इतकं चिवट की फोमचं पॅड दमून जातं. पूर्वी एकच गोल फिरणारं बफिंग मशीन होतं. काम झपाट्यानं व्हायचं, पण कडेवर एक क्षण जास्त थांबलं की रंग जळायचा. आणि लोकरीचं पॅड आपल्याच रेघा मागे सोडायचं, ऊन पडलं की पत्र्यावर झेंड्यासारख्या हलणाऱ्या. आता डीए मशीन आहे, ते फिरता फिरता डुलतं, उष्णता कमी करतं, नवशिक्यालाही सांभाळून घेतं. उस्तादांनी ते हातात धरून बघितलं आणि खेळणं म्हणून परत दिलं.

मशीनवर जोर द्यायचा नाही, त्याच्या वजनानं त्याला चालू द्यायचं. हात हळू. मी कानानं काम करतो. पॉलिश ओलं असतं तेव्हा पॅडचा आवाज खर्जातला असतो, सुकायला लागलं की चढतो. तिथं थांबायचं, पुसायचं, दिवा तिरपा धरून बघायचं. दाराच्या मधली उठावाची रेघ, बॉनेटची कड, हँडलच्या भोवती टेप लावूनच जायचं, कारण कडेला रंग मुळातच पातळ बसलेला असतो. मे महिन्यात पारा ४२-४३वर जातो तेव्हा दुपारी काळ्या पत्र्यावर टाकलेलं पॉलिश पसरायच्या आतच वाळतं. त्या दिवसांत मी पहाटे काम करतो, किंवा जेवणं आटोपल्यावर रात्री.

पाण्यात भिजवून वापरायचा वॉटर पेपर हा फार खोल चऱ्यांसाठी. १९२१ साली अमेरिकेत थ्रीएम कंपनीनं तो बाजारात आणला. त्याआधी गाडीचा रंग कोरडाच घासायचे आणि शिसं मिसळलेल्या रंगाची धूळ कामगारांच्या छातीत जायची. पाण्यानं ती धूळ बसली. पेपर २०००चा असो की ३०००चा, मी तो वर्षात फार कमी वेळा काढतो. नख फिरवून बघायचं. चऱ्यात नख अडकलं तर तो लॅकरच्या तळाशी गेलेला आहे. तो काढायच्या नादात भोवतीचं सगळं पातळ करण्यापेक्षा तो राहू द्यावा. त्याची कड थोडी बोथट केली तरी तीन हातांवरून दिसत नाही.

या धंद्यात एक लबाडीही आहे. तेलकट, मेणकट पॉलिश असतं, चऱ्यात भरून बसणारं. तासाभरात गाडी आरसा. दोन-तीन धुण्यांत सगळे चरे परत जागेवर, आणि मालक म्हणतो, बहुतेक मीच नीट धुतली नाही. ओळखायचं सोपं: अल्कोहोलमध्ये पाणी मिसळून फवारायचं, पुसायचं, मग दिव्याखाली बघायचं. मी माझं काम असंच पुसून दाखवतो. सिरॅमिक कोटिंगवाल्यांचाही एक वर्ग असतो, त्यांना वाटतं कोटिंग केलं की तारेनं घासलं तरी चालेल. कोटिंगमुळे धूळ कमी चिकटते, धुणं सोपं जातं. कोरड्या फडक्यापुढं तेही हरतं.

नांदेडात दिवाळीच्या सुमारास सचखंड गुरुद्वाऱ्यात तख्तस्नान असतं. गोदावरीवरून घागरी भरून आणतात, तख्त धुतात, शस्त्रं साफ करतात. पाणी आधी आणि हात मागून, हा क्रम तिथं कुणाला शिकवावा लागत नाही. आमच्या खंडेनवमीला उलटं होतं. सकाळी घाईघाईत गाडी फडक्यानं पुसायची, हळदी-कुंकवाची बोटं बॉनेटवर ओढायची, झेंडूचं तोरण ग्रिलला बांधायचं आणि तसंच तुळजापूरला निघायचं. सुतळी वाऱ्यानं जातायेता रंगावर आपटत राहते. परत येईपर्यंत बॉनेटच्या पुढच्या कडेला पांढरा पट्टा पडलेला. पूजा करा, हार घाला, पण गावाबाहेर पडायच्या आधी सोडा, हे मी दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मला काम असतं.

गाडी ताब्यात देताना मी मालकाला मायक्रोफायबरची दोन-चार फडकी देतो आणि पाणी नसलं तर काय करायचं ते दाखवतो. एका बादलीत धुण्याचं औषध मिसळलेलं आठ-दहा लिटर पाणी. फडकं चार घड्यांचं, दर हाताला नवी बाजू, वापरलेलं फडकं पुन्हा बादलीत नाही. एवढ्या पाण्यात अख्खी गाडी होते, लातूरच्या उन्हाळ्यातही. आणि तेवढंही नसेल तर गाडी तशीच धुळीची राहू द्या. नुसती बसलेली धूळ रंगाचं काही करत नाही.

हे शेवटचं कुणालाच पटत नाही. परवा एक गुरुजी आले होते, निवृत्तीच्या पैशातून घेतलेली काळी गाडी घेऊन. सगळं नीट ऐकून घेतलं, मान हलवली.

''पण आठ-आठ दिवस धुळीची गाडी दारात उभी करायची म्हणजे... पाव्हणेरावळे काय म्हणतील हो?''

''मग पांढरी घ्यायची होती, गुरुजी.''

''पांढरीवर चरे पडत नाहीत?''

''पडतात की. दिसत नाहीत.''

गुरुजी गाडीकडे बघत बराच वेळ हिशोब करत होते. मग फडकी मोजून घेतली आणि आणखी दोन मागितली.